सुवर्णातला 'ण' (मदत हवी आहे, लांबण आहे)

रानजाई
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही मिनेसोटात राहतो, पण मिनियापोलिसला नाही. तिथून गाडीने दोन तास. गावात धान्याचे उंच सायलो, एक ल्युथरन आणि एक कॅथलिक चर्च, आइस हॉकीचं रिंक आणि नवरा जातो तो कारखाना. मी मूळची सांगलीची. इथे नऊ वर्षं झाली. गावात गोरी नसलेली माणसं म्हणजे आम्ही तिघं, दवाखान्यातले एक तेलुगू डॉक्टर आणि आमच्या शेजारच्या घरातली दोन मुलं.

शेजारचं घर लिंडा आणि मार्कचं (नावं सगळी बदलली आहेत). दोघांचेही पणजोबा नॉर्वेहून आलेले, दोघंही याच गावात वाढलेली. मोठा डॅनियल, वय १५, इथिओपियाहून वर्षाचा असताना दत्तक आणला. धाकटी ग्रेस, वय १३. तीही दत्तक, २०१४ मध्ये पुण्याच्या एका संस्थेतून आली, तेव्हा दोन वर्षांची होती.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझं त्यांच्याशी नातं म्हणजे बर्फ उपसताना हात करायचा आणि दिवाळीला चकल्या द्यायच्या, एवढंच. मग जुलैत एका दुपारी ग्रेस एकटी दार वाजवत आली. हातात प्लास्टिकची फाइल. आत तिचा संस्थेतला फोटो, लाल फ्रॉक, डोक्याचा गोटा केलेला, कपाळाच्या कडेला काजळाची तीट. फोटोच्या मागे बॉलपेनने देवनागरीत काहीतरी लिहिलेलं. "इथे काय लिहिलंय?" असं विचारायला आली होती.

मी वाचलं, "सुवर्णा."

तिचं मधलं नाव तेच आहे. पण घरात, शाळेत, सगळीकडे ते 'सूव्हार्ना' झालेलं. तिने माझ्यामागून म्हटलं, "सुवर्ना." म्हटलं नाही गं, ण. जीभ मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. मी थालीपिठं लावत होते, हात पिठाचे. ती मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेसमोर तोंड उघडून उभी राहिली आणि स्वतःची जीभ बघत ण ण ण ण करत बसली. चांगली वीस मिनिटं! शेवटी एकदा बरोब्बर आला. मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "म्हणजे मी तेरा वर्षं माझं नाव चुकीचं सांगत होते." मला काय बोलावं सुचेना, मी तिला थालीपीठ वाढलं.

तेव्हापासून ती येते. शनिवारी केसांना तेल, अधूनमधून मराठी शब्द. लिंडानेच मला सांगितलं, की प्लीज हे चालू ठेव, मला जे देता येत नाही ते तू दे. बाई मनाने फार चांगली आहे. भारतीय स्वयंपाकाची पुस्तकं आणलीत, दर दिवाळीला पणत्या लावते. पण एकदा ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "दुकानात रांगेत उभ्या असतो ना, तेव्हा कॅशियर माझ्या आणि तिच्या सामानामध्ये ती आडवी काठी ठेवते. दर वेळी. दहा वर्षं हेच चाललंय." आणि मी ग्रेसबरोबर त्याच दुकानात गेले तर तीच कॅशियर मला म्हणते, तुमची मुलगी किती गोड आहे!

गाडीत बसल्यावर पोरगी खूश होती. घर जवळ आल्यावर रडायला लागली. आईला सांगू नकोस म्हणाली.

आता माझी चूक. ऑगस्टअखेर ट्विन सिटीजच्या (म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) उपनगरात एका मैत्रिणीकडे घरगुती गणपती होता. मी लिंडा आणि ग्रेसला घेऊन गेले. मनात चित्र असं, की पोरगी पहिल्यांदा आपल्यासारखे चेहरे असलेल्या घरात जाणार, काय वाटेल तिला! झालं काय, तर लिंडा नवीन पंजाबी ड्रेस घालून हातात मोदकाची प्लेट धरून कोपऱ्यात उभी, आणि येणारी प्रत्येक बाई तिला इंग्रजीत सांगतेय की तुम्ही किती थोर. आणि ग्रेसच्या डोक्यावरून मराठीत चर्चा. ही कुठली? मराठी नाही येत? अरेरे. खरी आई कोण, कळलं का काही? रंगावरून तरी आपल्यातली वाटत नाही. एकीने तर हनुवटी धरून "नशीब काढलंस हो पोरी" म्हणून बोटं मोडली. पंचवीस माणसं होती. मी एकालाही "गप्प बसा" म्हटलं नाही. संकोच, दुसरं काय.

परतीच्या वाटेवर अंधारात मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बिच्चारी म्हणजे काय?"

तर मंडळी, मला विचारायचंय ते हे. एक, मी लिंडाच्या जागेवर अतिक्रमण करतेय का? दोन, तिला आपल्या लोकांत न्यायचं का, नेलं तर कसं? तीन, तेल, तीट, थालीपीठ याने खरंच काही होतं, की मीच माझी हौस भागवतेय?

---

गोटी_सोडा
मंगळवार, रात्री ११:१५

तिन्ही प्रश्न जड आहेत, जाणकार येतीलच. अवांतर: मिनेसोटाच्या थंडीत खोबरेल गोठत नाही का?

---

रानजाई
मंगळवार, रात्री ११:२२

ऑक्टोबर ते मे दगड. बाटली फ्रीजवर ठेवते, तिथे जरा ऊब असते. डॅनियलचे केस हा वेगळाच अध्याय आहे, सवडीने लिहिते.

---

खडूस_काका
बुधवार, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. या पोरीला घर मिळालं, आईबाप मिळाले, शाळा मिळाली. संस्थेत राहिली असती तर अठरा पूर्ण झाल्यावर पुढे काय? तेव्हा ण आला काय आणि न आला काय. अर्धा विदर्भ पाण्याला पानी म्हणतो, त्यांचं कुठे काय अडलं? हे सगळे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत. आणि त्या बायका 'नशीब काढलंस' म्हणाल्या त्यात खोटं काय?

---

उत्तरध्रुव
बुधवार, दुपारी १:३०

काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या ऑफिसातल्या मित्राला तोंडी भाषांतर करून सांगितला. तो हसला. म्हणाला, हे मी स्वीडिशमध्ये चाळीस वर्षं ऐकतोय.

मी स्वीडनमध्ये असतो. हा मित्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून इथे आला, दहा महिन्यांचा असताना. उत्तरेकडच्या लहान गावात वाढला. फोनवर बोलला तर अस्सल तिकडच्या शेतकऱ्याची बोली. घर भाड्याने बघायला गेला की दार उघडणारा माणूस त्याच्या मागे बघतो, फोनवर बोललेला तो माणूस कुठाय म्हणून. शाळेत वर्गात एकटा, चर्चच्या गायनवृंदात एकटा, गावच्या फुटबॉल संघात एकटा. आईवडील जिवापाड माया करणारे. त्यांनी घरात लाकडी हत्ती आणून ठेवला होता. "माझ्या गावात माझ्यासारखा दिसणारा तो हत्तीच काय तो," असं तो म्हणतो.

३८व्या वर्षी पहिल्यांदा मुंबईला गेला. दादरच्या पुलावर अर्धा तास उभा राहिला. का, तर कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा. मग मागून एक पाटीवाला "ओ दादा, सरका की बाजूला" म्हणाला आणि याला कळेचना. तिथे उभ्याउभ्या रडलो, म्हणाला.

आता आकडे. या जेमतेम एक कोटी वस्तीच्या देशात साठेक हजार मुलं परदेशांतून दत्तक आली. कोरिया, भारत, कोलंबिया, श्रीलंका, चिली, चीन. एवढी वर्षं ते अभिमानाने सांगितलं जायचं. चिलीहून आलेल्या मुलांच्या कागदपत्रांत गडबडी निघाल्या, मग चौकशी आयोग बसला आणि २०२५च्या जूनमध्ये आयोगाने परदेशी दत्तक थांबवायचीच शिफारस केली. तेव्हा पोट भरलेल्यांचे प्रश्न असतीलही, पण विचारणारी माणसं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत आणि सरकारला ऐकावं लागतंय.

---

चंद्रकोर
बुधवार, दुपारी ३:१०

नाशिकहून लिहितेय. आमची लेक दत्तक आहे, आता नऊ वर्षांची. मी आणि नवरा गोरे, ती सावळी. इथे देश तोच, भाषा तीच, तरी पहिल्या वाढदिवसाला सख्ख्या मावशीने विचारलं, "जरा उजळ नव्हती का?" जशी काही साडी बदलून आणायचीय. त्या दिवसापासून मावशीकडे जाणं नाही.

रानजाई, 'खरी आई' हा शब्द कुणी काढला की तिथल्या तिथे "जन्म देणारी आई" असं दुरुस्त करत जा. मोठ्याने. तिच्यासमोर. तिला मराठी कळत नसलं तरी तू कुणाच्या तरी अंगावर गेलीस हे कळेल. गणपतीत तेच राहून गेलं बघ.

---

अभ्यासू_उंदीर
बुधवार, रात्री ८:४५

रानजाईंच्या गावाचा इतिहास जरा मागे जाऊन बघण्यासारखा आहे, कारण मिनेसोटा या विषयाचं माहेरघर आहे.

कोरियन युद्ध १९५३ला थांबलं. १९५५मध्ये ओरेगनच्या होल्ट दांपत्याने आठ कोरियन मुलं दत्तक घेतली आणि तिथून जो ओघ सुरू झाला त्यात पुढच्या काही दशकांत जवळपास दोन लाख मुलं कोरियाबाहेर गेली. त्यांतली हजारो मिनेसोटात वाढली, रानजाईंच्या गावासारख्याच गावांत, ओल्सन आणि पीटरसन आडनावांनी. त्या काळी सल्ला असा, की रंग दिसतच नाही असं वागा, मूल आपोआप मिसळून जाईल. ती मुलं मोठी होऊन लिहायला-बोलायला लागली तेव्हा कळलं, की रंग फक्त घरच्यांना दिसत नव्हता. बाहेर सगळ्यांना दिसत होता, आणि मुलाला घरी येऊन ते सांगायची सोय नव्हती. २०२५च्या मार्चमध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने मान्य केलं की परदेशी पाठवण्याच्या घाईत कागद बदलले गेले, आईवडील असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदली गेली.

अमेरिकेतल्या अमेरिकेतही हे जुनं भांडण आहे. १९७२मध्ये कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने काळी मुलं गोऱ्या घरांत देण्याला उघड विरोध केला. पुढे १९९४ आणि १९९६च्या कायद्यांनी उलटी दिशा धरली, वंशाच्या कारणावरून दत्तक अडवायचं नाही म्हणून. मूलनिवासी मुलांचं तर १९७०च्या दशकात असं आढळलं होतं, की २५ ते ३५ टक्के मुलं घरापासून तोडली गेलीत. त्यावर १९७८चा कायदा आला की मूल आधी नातलगांत, मग जमातीत. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

हे सगळं वाचून माझं मत: गोऱ्या घरात वाढवणं हा गुन्हा नाही. फक्त गोऱ्या *गावात* वाढवणं मात्र मुलाला महाग पडतं. लिंडा-मार्कना शहरात राहायला जाणं शक्य आहे का?

---

रानजाई
बुधवार, रात्री ९:३०

उंदीरमामा, हाच प्रश्न मार्कला विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. पण लिंडाकडे विषय काढला. मार्कची शेती आहे, म्हातारी आई आहे. नाही निघू शकत. पण ऐका.

डॅनियलचे केस. लहानपणी गावातला न्हावी कापायचा, म्हणजे मशीन फिरवून सफाचट, कारण त्याला दुसरं येतच नव्हतं. लिंडा रोज शाम्पू लावायची आपल्यासारखा, केस वाळून काथ्या झाले, टाळूला खपल्या. शेवटी एका नर्सने सांगितलं की असे केस रोज धुवायचे नसतात, ओले ठेवून मलम चोपडायचं असतं. तेव्हापासून दर तिसऱ्या शनिवारी मार्क त्याला मिनियापोलिसला एका काळ्या न्हाव्याच्या दुकानात नेतो. दोन तास जायचं, दोन तास यायचं, अर्ध्या तासाच्या कटिंगसाठी. गावात सगळे हसायचे.

मार्क म्हणतो, पहिली दोन वर्षं मी तिथे खुर्चीत आखडून बसायचो, आपण एकटेच गोरे म्हणून सगळे बघताहेत असं वाटायचं. मग एकदा डोक्यात उजेड पडला, की डॅनियल गावात रोज असाच बसतो.

आणि खरं शिक्षण तिथेच झालं. या वर्षी डॅनियलला शिकाऊ परवाना मिळाला. पोलिसाने गाडी थांबवली तर काय, हे मार्क त्याला काय सांगणार? मार्कला स्वतःला पोलिसाने अडवलं तर तो खिडकी खाली करून हवापाण्याच्या गप्पा मारतो. ते त्या न्हाव्याने शिकवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर वर दिसतील असे, कागद काढण्याआधी तोंडाने सांगायचं, आवाज खालचा. २०१६मध्ये ट्विन सिटीजलगतच फिलांडो कास्टिल या काळ्या माणसाला पोलिसाने असंच गाडी थांबवून गोळी घातली होती, २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड, तोही काळा, मिनियापोलिसलाच पोलिसांच्या हातून मेला. त्या न्हाव्याला हे बातमीत वाचायला लागलं नाही. मार्क बाजूला उभा राहून ऐकत होता. घरी आल्यावर गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होता, असं लिंडा म्हणाली.

---

तिसरी_घंटा
गुरुवार, सकाळी ११:००

मी पुण्यात दत्तक संस्थांमध्ये २५ वर्षं काम केलं, आता निवृत्त. खडूस काकांना आधी उत्तर देते.

काका, परदेशी जाणारी मुलं कोणती असायची माहितीये? ज्यांना आपण नाही म्हटलं ती. मी स्वतः टेबलापलीकडून ऐकलंय. "जरा गोरी दाखवा ना." "पायात दोष आहे का? मग नको." "वय जास्त आहे, आठवणी असतील." चार भारतीय जोडपी बघून गेली की फाइल बाहेर जायची. तेव्हा पोरीचं नशीब वगैरे काढण्याआधी ते कुणी घडवलं तेही बघावं. चंद्रकोरच्या मावशीचा प्रश्न मी शेकड्याने ऐकलाय.

आता माहितीचं. पूर्वी परदेशी पालक १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त 'पालक' म्हणून मूल नेत आणि दत्तकविधान आपल्या देशात करत. मधल्या मध्ये गैरप्रकारांना भरपूर वाव. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर १९८४मध्ये निकाल आला: आधी देशातले पालक शोधा, नाही मिळाले तर बाहेर, आणि तेही मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच. त्यातून १९९०मध्ये 'कारा' ही दत्तकावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था आली, २००३मध्ये भारताने परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार स्वीकारला. ग्रेस २०१४ची, म्हणजे तिची फाइल कारातून गेलेली असणार. कागद बरेच असतील.

मूळ शोधायचं असेल तर अठरा वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी आईवडिलांबरोबर मिळून. तिसऱ्या माणसाला, म्हणजे रानजाई तुला, ते करता येत नाही, नियमातच नाही. लक्षात ठेव, उत्साहाच्या भरात संस्थेला फोन करू नकोस. जन्मदात्या आईने नाव उघड करू नका म्हटलं असेल तर तिचाही हक्क असतो, तिच्या संमतीशिवाय काही सांगत नाहीत. ती कुठेतरी संसारात असेल, घरी कुणाला माहीत नसेल.

आणि फोटोमागचं नाव. बहुतेकदा नाव त्या पाळीला असलेल्या ताई ठेवत. टाकून दिलेलं मूल आलं की रजिस्टरला काहीतरी लिहावं लागायचं. एकदा आमच्याकडे सलग चार दिवस चार मुली आल्या, चौघींची नावं आमच्या ताईंनी आपल्या आवडत्या मालिकेतल्या बायकांवरून ठेवली. तीट लावलीये म्हणतेस, म्हणजे कुणीतरी तिला नटवून फोटोला उभं केलंय. हे पोरीला जरूर सांग. दोन वर्षं ती कुणाच्या तरी कडेवर होती.

तुझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर: अतिक्रमण नाही, पण दुकानातलं रडणं लिंडापासून लपवू नकोस. पोरीच्या मनात दोन आयांमध्ये निवड करावी लागतेय असा घोळ झालाय. तो तिने एकटीने वाहू नये. मुलीला विचारून, तिच्यासमोर लिंडाला सांग.

---

खडूस_काका
गुरुवार, दुपारी १२:२०

तिसरी_घंटा, बाई, मुद्दा पोचला. आमच्याच चुलत घराण्यात एकांनी असंच 'गोरी दाखवा' केलं होतं, तेव्हा मी तिथे बसलो होतो आणि चहा पीत होतो.

ण बद्दलचं मागे घेत नाही. पानी म्हणणाऱ्यांचा मी वकील.

---

निळी_सायकल
गुरुवार, संध्याकाळी ६:५०

नमस्कार. मी नेदरलँड्समध्ये राहते. माझा जन्म महाराष्ट्रात झाला, १९८३. मी एक वर्षाची असताना इथे आले. मी तीन वर्षे मराठी शिकते आहे. हा धागा वाचायला मला दोन दिवस लागले. बिच्चारी शब्द मला माहीत होता. मी पण तोच आधी शिकले.

माझ्या आईने मला साडी घेतली, सिताराची रेकॉर्ड घेतली. मला नको होते. मला एक शिक्षिका हवी होती जी माझ्यासारखी दिसते आणि गणित शिकवते. किंवा दाताची डॉक्टर. म्हणजे मला दिसले असते की माझ्यासारखी मुलगी मोठी झाल्यावर कशी दिसते. मला वीस वर्षांपर्यंत माहीत नव्हते. मला वाटायचे मी मोठी झाल्यावर माझ्या आईसारखी दिसेन. हे खरे आहे, हसू नका.

रानजाई ताई, तुम्ही थालीपीठ करता ते छान आहे. पण तुम्ही तिच्यासमोर कर भरता का? गाडीच्या मेकॅनिकशी भांडता का? ते पण करा. तिला बघू द्या.

आणि आमच्या सरकारने २०२४मध्ये ठरवले की आता परदेशातून मुले आणायची नाहीत, हळूहळू बंद. माझे मित्र दोन बाजूंनी भांडतात. मी कुठल्या बाजूला आहे ते रोज बदलते.

---

चंद्रकोर
गुरुवार, संध्याकाळी ७:१५

निळी_सायकल, तुमचं मराठी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा शुद्ध आहे. 'आईसारखी दिसेन' वाचून मी लेकीला जाऊन मिठी मारली, ती म्हणाली, काय झालं आता?

---

अभ्यासू_उंदीर
गुरुवार, रात्री १०:०५

एक कामाची गोष्ट, भावनेच्या भरात राहून जाईल. अमेरिकेत २०००च्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळायला लागलं, पण २७ फेब्रुवारी २००१ला जे अठरा पूर्ण होते ते सुटले. त्यांतल्या काहींच्या आईवडिलांनी अर्जच केला नव्हता. मुलं चाळिशीत गेल्यावर कळलं की आपण नागरिक नाही, काहींना तर हद्दपार केलं. डॅनियल आणि ग्रेस त्यानंतरची, काळजी नाही. तरीही पासपोर्टबरोबर नागरिकत्वाचा दाखलाही काढून ठेवायला सांगा, सध्याचे दिवस बघता. आणि ग्रेसला ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय, पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना मिळतं ते) मिळू शकतं, ती जन्माने भारतीय नागरिक होती. जुना भारतीय पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला लागेल. पुढेमागे पुण्याला जायचं झालं तर दर वेळी व्हिसाच्या रांगेत, परकी म्हणून उभं राहायला नको.

डॅनियलला मात्र हा रस्ता अवघड. इथिओपियाने जानेवारी २०१८मध्ये परदेशी दत्तक बंदच केलं. आधी गेलेल्यांचे कागद मिळवायचे तर तिकडे जाऊनच धडपडावं लागेल.

---

गोटी_सोडा
शुक्रवार, सकाळी ९:००

तेलावरून सुरुवात केली होती म्हणून संकोचतोय. पण गणपतीतल्या त्या बायकांचं काय? आमची आई त्यांच्यातली एक असू शकते. वाईट नाही हो ती, फक्त समोर येईल त्या प्रत्येकाला लग्न, पगार आणि गोत्र विचारते. माझ्या तमिळ बायकोलाही पहिल्या भेटीत 'रंग सोडला तर छान आहे' म्हणाली होती. बायको आजही ती नक्कल करून दाखवते, आईसमोर.

---

रानजाई
रविवार, रात्री ९:१५

मंडळी, तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण इकडे घडामोडी.

शुक्रवारी ग्रेसला विचारलं, दुकानातलं आईला सांगूया का. खूप वेळ बोटं मोडत बसली, मग म्हणाली तू सांग, मी तिथे बसते. सांगितलं. लिंडा रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "मलाही एकदा वाटलं होतं, की तू हिची आई असतीस तर हिला सोपं गेलं असतं. मग मला तुझा राग आला. एक आठवडा मी तुला हात केला नाही, तुझ्या लक्षात आलं का?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं थंडी आहे, घाईत असेल!

मग ठरलं असं. दर तिसऱ्या शनिवारी डॅनियलची कटिंग असतेच. आता चौघं जाणार, मीही बरोबर. त्याची कटिंग होईपर्यंत आम्ही मिनियापोलिसजवळच्या मेपल ग्रोव्हच्या हिंदू देवळात. दर्शनाला नव्हे, तिथे रविवारी-शनिवारी मुलांची वर्दळ असते, कँटीन असतं. काल पहिली फेरी झाली. कुणी भाषणं केली नाहीत, कुणी बोटं मोडली नाहीत. एका कर्नाटकी आजोबांनी तिला इंग्रजीत "जरा सरक, डोशाची रांग इथून आहे" असं दटावलं. ती सरकली. गाडीत तीनदा सांगितलं तिने, ते आजोबा मला ओरडले म्हणून. खूश होती!

तिसरी_घंटा, ताईंचं सांगितलं. तीट म्हणजे काय, का लावतात, तेही. लिंडा संस्थेला पत्र लिहिणार आहे, आईचा शोध वगैरे नाही, फक्त एवढंच की २०१२ ते २०१४ मध्ये तिथे कोण ताई होत्या, त्यांना ग्रेसचा आताचा फोटो पाठवता येईल का. एवढं चालेल ना?

निळी_सायकल, काल रात्री मी मुद्दाम तिच्यासमोर विमा कंपनीला फोन लावून चाळीस मिनिटं भांडले. पैसे परत मिळाले नाहीत, पण ती शेवटपर्यंत बसली होती. म्हणाली, तू इंग्रजीत चिडतेस तेव्हा मध्येच मराठी येतं.

आणि ज्या मैत्रिणीकडे गणपती होता तिला मी फोन केला. जमलं नाही नीट. तिचं म्हणणं, बायका प्रेमानेच बोलत होत्या. आमचं सध्या बोलणं बंद आहे.

---

तिसरी_घंटा
रविवार, रात्री ९:५०

एवढं चालेल. पत्रात फोटोची मागची बाजू झेरॉक्स करून जोडा. अक्षर ओळखणारं कुणी ना कुणी सापडतं.

---

खडूस_काका
सोमवार, सकाळी ६:५५

एक शंका. पोरीला सुवर्णा म्हणायला शिकवलंत. पुणे म्हणायला शिकवलंत का? त्यातही ण आहे.

---

रानजाई
सोमवार, संध्याकाळी ७:३०

अगं बाई! काका, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागदांवर इंग्रजीत सरळ न असतो, तेरा वर्षं 'पूनी' चाललंय.

आत्ता म्हणवून घेतलं, पुन्हा मायक्रोवेव्हसमोर. पुने, पुने, पुने, चौथ्यांदा पुणे. डॅनियल मागे सीरियल खात उभा होता, तो पहिल्याच फटक्यात "पुणे" म्हणून निघून गेला. ती त्याच्यावर जाम चिडली आहे.